धागा: स्टँडर्ड हेराल्डचं इंजिन बांधतोय, टायमिंग चेनच्या टेन्शनरची पट्टी कव्हर लावताना सटकतेय

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, १९६९ची, चार दारांची. इंजिन मूळचंच, ९४८ सीसी. बाबा गेल्यावर चार वर्षं ती दादरला आमच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी चालू केली तेव्हा रेडिएटरच्या मागून खडखड यायची. स्लोला जास्त, रेस दिली की कमी. एका गॅरेजला दाखवली. त्यांनी टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारी चेन, ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरची नवी पट्टी टाकली. आवाज गेला आणि दीड-दोन महिन्यांत परत आला. धूरही मारत होती, म्हणून या पावसाळ्यात इंजिनच खाली उतरवलं. ब्लॉक रिबोर झाला, क्रँक ग्राइंड होऊन आला, नव्या बेअरिंगांवर बसला, पिस्टन आत गेले, चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) लागलं. आता पुढची बाजू बांधतोय.

जुनं कव्हर काढल्यावर जे दिसलं त्याने वाईट वाटलं. त्या 'नव्या' पट्टीवर दोन समांतर चर पडलेत, नख अडकेल इतके खोल. चेनच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांनी ते कोरलेत. आणि चेन मात्र जुनीच ठेवली होती.

या वेळी चेन आणि पट्टी दोन्ही नवीन आणली. ट्रायम्फ स्पिटफायरचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे बाहेरून मागवता आली. अडचण कव्हरची आहे. पट्टी ब्लॉकवर नसून कव्हरच्या आत पिनेवर बसते. म्हणजे कव्हर जागेवर नेतानाच ती चेनच्या पाठीवर चढली पाहिजे, आणि नेमकं त्या क्षणी आतलं काही दिसत नाही. पहिल्यांदा पट्टी चेनच्या पुढ्यात येऊन अडकली. दुसऱ्यांदा पिनेवरून निसटली आणि पॅकिंग फाटलं. दसऱ्याला गाडी पूजेला उभी करायचीय. कोणी हे हाताने केलंय का?

भायखळा_मिस्त्री (शनिवार, रात्री ११:२५)

दादा, पट्टी जोर लावून बसवू नका. तो स्प्रिंग स्टीलचा पातळ पाता आहे. वाकला की त्याचा बाक जातो, मग तो चेनला टेकतो पण दाबत नाही.

मी करतो ते सांगतो. पॅकिंगला ब्लॉकच्या बाजूने ग्रीसचा हलका हात द्या, म्हणजे ते जागेवर चिकटून राहील. कव्हरच्या भोकांत नेम धरायला दोन लांब स्टड लावायचा मोह होईल, पण इथे लावू नका. स्टडवरून कव्हर सरळच आत जातं, आणि आपल्याला ते तिरकं न्यायचंय. पट्टीच्या मोकळ्या टोकाजवळ मजबूत दोऱ्याचा एक फास टाका. दोरा जाड हवा, शिवणाचा नको. दोऱ्याची दोन्ही टोकं क्रँकच्या मोठ्या भोकातून बाहेर काढा. ऑइल सील अजून ठोकलेलं नसलं तर उत्तम, भोक मोठं मिळतं. दोरा ओढला की पट्टी मागे सरकते. आता कव्हर एका अंगाला कललेलं धरून चेनच्या बाजूने आत न्या, टॉर्च मारून पट्टी चेनच्या बाहेरच्या अंगाला आल्याचं बघा, मग कव्हर फिरवून सरळ करा. एक बोल्ट दोन आटे धरवा, त्याच्यावर कव्हर झुलू द्या. सगळी भोकं जुळली की दोऱ्याचं एक टोक सोडून दुसरं ओढा, दोरा बाहेर येतो. दोरा पूर्ण आलाय ना ते मोजून बघा, आत तुकडा राहता कामा नये.

काम दोन माणसांचं आहे. एकट्याने करू नका.

पार्लेकरीण (रविवार, सकाळी ८:१०)

मिस्त्रीकाका, दोऱ्याची युक्ती वहीत लिहून ठेवली. माझ्या सासऱ्यांच्या हेराल्डला आम्ही वाकवलेल्या सायकलच्या स्पोकने पट्टी मागे धरली होती. जमलं, पण स्पोक काढताना पॅकिंगला ओरखडा गेला आणि तिथून आजही ऑइल पाझरतं. दोराच बरा.

माहीमचा_एमजी (रविवार, सकाळी ९:३०)

हिंदू कॉलनी, कव्हर लावायच्या आधी एक विचारतो. चेनची ढील मोजलीत का?

त्या गॅरेजच्या कामात पट्टी इतक्या लवकर का कोरली गेली, ते समजून घ्यायला हवं. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड काही लांबत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्यावरचं बुश थोडं थोडं झिजतं. ती झीज सगळ्या कड्यांत मिळून बेरजेने दिसते. क्रँक एका बाजूने चेन खेचतो, ती बाजू कायम ताठ. सगळी ढील उलट बाजूला जमते आणि टेन्शनर त्याच बाजूला असतो. स्लोला कॅमची गती एकसारखी नसते. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबताना कॅम जड जातो, आणि लोबचं टोक ओलांडलं की तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. मग ढिली बाजू ताठ होते, परत ढिली होते, पट्टीवर आपटते. तुमची खडखड ती. पट्टी ढील शोषून घेते, ढील बरी करत नाही. जुन्या चेनवर नवी पट्टी म्हणजे सगळा मार त्या पट्टीनेच खायचा.

दुसरं नुकसान ऐकू येत नाही. चेन झिजली की कॅम क्रँकच्या मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. गाडी चढावर दमते आणि आपण कार्बोरेटर उघडून बसतो.

मोजायची रीत साधी आहे. टेन्शनरची पट्टी नसताना, ताठ बाजू खेचून धरून, ढिल्या बाजूवर दोन्ही गराऱ्यांना (चेनच्या दातेरी चाकांना) टेकेल अशी स्टीलची सरळ मोजपट्टी ठेवा आणि मधोमध चेन बोटाने दाबा. १० मिमीच्या वर गेली तर चेन बाद.

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (रविवार, दुपारी १:०५)

मोजली. जुनी चेन १४ मिमी. नवी जेमतेम ५.

जुनी चेन हातात आडवी धरली तर दोन्ही टोकं केळीसारखी खाली वाकतात. नवी बऱ्यापैकी सरळ राहते. हे आधी बघितलं असतं तर त्या बिलाचे पैसे आणि एक वर्ष वाचलं असतं. गराऱ्यांचे दात बारकाईने पाहिले, झिजून आकड्यासारखे झालेले नाहीत, त्यामुळे त्याच वापरतोय.

पण एक नवीन कोडं पडलंय. दोन्ही गराऱ्या एका रेषेत आहेत का ते स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघत होतो. एकदा ठेवली तर अगदी सपाट. चहा पिऊन आलो, परत ठेवली तर खालच्या गरारीपाशी फिलर गेजचं (फट मोजायचं) पातं आरामात जातं. मग परत सपाट. क्रँकच्या गरारीमागे शिम (पातळ चकती) घालून रेष जुळवायची हे माहीत आहे, पण दर वेळी वेगळं माप आलं तर शिम किती जाडीची घालू?

भायखळा_मिस्त्री (रविवार, दुपारी १:५०)

थांबा. शिम घालू नका. कव्हर बाजूला ठेवा.

मापं बदलतायत म्हणजे क्रँक पुढे-मागे सरकतोय. मधल्या वेळात कोणी फ्लायव्हीलला हात लावला का? क्रँकचा एंड प्ले बघा. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की तो क्रँकला पुढे ढकलतो, आणि तो सगळा भार मागच्या वॉशरवर येतो. वॉशर झिजत जातो. फारच झिजला तर आपल्या जागेतून निसटून चेंबरमध्ये पडतो, आणि मग क्रँक थेट ब्लॉकच्या लोखंडाला घासतो. असा ब्लॉक मी पाहिलाय. वाचवता आला नाही.

डायल गेज लावा. स्क्रू ड्रायव्हरने क्रँक एकदा पूर्ण मागे, एकदा पूर्ण पुढे. ४ ते ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) पाहिजे, म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी.

कुर्ला_पद्मिनी (रविवार, दुपारी २:१५)

डायल गेज माझ्याकडे आहे, चुंबकाच्या स्टँडसकट. संध्याकाळी घेऊन येतो, दादरला तसंही यायचंय. वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते, गेज त्यांचाच. आमची पद्मिनी आहे, हेराल्ड नाही, पण मोजमाप ते मोजमाप.

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (रविवार, रात्री ९:२०)

कुर्लाभाऊ येऊन गेले, त्यांचे मनापासून आभार. दोघांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ०.३० मिमी.

ग्राइंडिंग करून आणल्यावर क्रँक सहज फिरतो एवढंच बघितलं होतं. जुनेच थ्रस्ट वॉशर परत बसले होते, आणि ते बसवणारा मीच. म्हणजे चेंबर परत उघडायचं. रात्री जरा निराश होऊन बसलो होतो. पण कव्हर दोनदा बसलं नाही म्हणूनच हे सापडलं, नाहीतर गाडी अशीच रस्त्यावर गेली असती.

भायखळा_मिस्त्री (रविवार, रात्री ९:४५)

इंजिन अजून स्टँडवर आहे ना? मग काहीच बिघडलेलं नाही. तासाभराचं काम. मागची मेन कॅप काढा, वॉशर गोल सरकवून बाहेर येतात. जाड वॉशर ५ थाऊ ओव्हरसाइज मिळतो. ५ थाऊ म्हणजे ०.१२७. दोन्ही बाजूंना जाड घातलेत तर ०.३० मधून ०.२५ गेले, उरले ०.०५. फार घट्ट, तेलाला जागा राहत नाही. एकच जाड घाला, तोही मागच्या बाजूला, जिथे क्लचचा भार येतो. मग ०.१७ राहील. पुढचा नवा पण स्टँडर्ड मापाचा.

चर असलेली बाजू क्रँककडे. हे उलटं बसवलेलं इंजिन माझ्याकडे आलंय, म्हणून दोनदा सांगतो: चर असलेली बाजू क्रँककडे.

बोरिवली_२३० (सोमवार, सकाळी ७:५५)

धागा सुरुवातीपासून वाचतोय. विषय टेन्शनरचा आहे म्हणून माझ्या मर्सिडीजचा अनुभव लिहितो, कारण तिथली चूक याच्या बरोबर उलटी आहे. डब्ल्यू १२३, २३० ई, एम १०२ इंजिन. तिथे टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि आत दाते असतात. दांडा पुढे येतो, मागे जात नाही. हेडच्या कामासाठी टेन्शनर नुसता ढिला केला आणि तसाच परत आवळला, तर दांडा मधल्या काळात एक-दोन दाते पुढे आलेला असतो. आवळताना चेन गरजेपेक्षा ताठ होते, गाइड आणि चेन दोन्हींवर ताण. एकदा हलवला की टेन्शनर बाहेर काढून, सुटा करून, दांडा परत पहिल्या दात्यावर आणूनच बसवायचा. माझ्या गाडीत हे केलं नव्हतं. आवाज शिट्टीसारखा यायचा, खडखड नव्हे.

माहीमचा_एमजी (सोमवार, सकाळी ९:००)

बोरिवली, महत्त्वाचं लिहिलंत. एमजीबी गाडीत रेनॉल्डचा टेन्शनर आहे, त्याचीही गंमत अशीच. रबराचा माथा असलेला दांडा, आत स्प्रिंग, मागून ऑइल. दांड्यात तिरकी खाच असते, त्यामुळे तो पुढे येतो पण चेनच्या धक्क्याने मागे जात नाही. बसवताना दांडा आत दाबून अडकवून ठेवायचा, चेन आणि गराऱ्या लागल्या की मगच सोडायचा. बॉडीच्या खालच्या टोकाचा प्लग काढून एक-अष्टमांश इंचाची ॲलन की घालतात आणि ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात. आत ओढतानाही तीच दिशा, सोडतानाही तीच. माणसाचा हात सवयीने उलटा फिरतो, तिथे घात होतो. आणि माथा सुटला नाही म्हणून त्याला स्क्रू ड्रायव्हरने चेनवर ढकलायचं नाही. स्प्रिंगने आपणहून यायला हवा.

जॅग्वारच्या एक्सके इंजिनात खालच्या चेनला याच जातीचा टेन्शनर आहे. त्याच्या मागे ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकात जाळीचा छोटा शंकू असतो. इंजिन उघडलंच असेल तर तो काढून धुवावा. तो तुंबला की टेन्शनरला दाब पोचत नाही आणि लोक टेन्शनरच बदलत बसतात.

हेराल्डच्या पट्टीला यातलं काही नाही. ऑइलचा दाब नाही, दाते नाहीत, नुसती स्प्रिंग. म्हणूनच मला ती आवडते. स्वस्त आहे, आणि झिजली की डोळ्यांना दिसते.

पार्लेकरीण (सोमवार, रात्री १०:३०)

माझा प्रश्न कॅमच्या गरारीचा. चेंबर उघडणार आहात तोवर विचारून घेते. आमच्याकडे नवी गरारी आली ती कोरी होती, एकही खूण नाही. जुन्या गरारीवरून अंदाजाने बसवली. एक दात चुकला असेल का, ही शंका आजही मनात आहे.

भायखळा_मिस्त्री (सोमवार, रात्री ११:१०)

ताई, अंदाज नको, तपासता येतं. जुन्या गराऱ्यांवर रेषा ओढलेल्या असतात, त्या समोरासमोर येतात, आणि कॅमच्या टोकावर गरारीच्या भोकातून ठिपका दिसतो. कोऱ्या गरारीला यातलं काही नाही.

मग असं करायचं. एक आणि चार नंबरचे पिस्टन वर आणा. एक नंबर फायरिंगवर असताना चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे पुढून सातवा आणि आठवा, झुल्यावर असतात: एक मिटत आलेला, दुसरा उघडू लागलेला. त्या दोघांचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) आधी ४० थाऊ, म्हणजे १ मिमी, करून घ्या. गॅप त्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असताना ठेवायचा. मग झुल्यावर आणून दोन्हींत फिलर गेज घाला. दोन्ही गॅप सारखे आले तर टायमिंग बरोबर.

सारखे नाही आले तर गरारीची चार भोकं बघा. ती मुद्दाम सरकवून पाडलेली आहेत. गरारी पाव वळसा फिरवून दुसऱ्या जोडीवर बसवलीत तर अर्ध्या दाताचा फरक पडतो. उलटी करून, म्हणजे मागची बाजू पुढे आणून बसवलीत तर पाव दाताचा. दोन्ही केलंत तर पाऊण. ज्याने हे आखलं त्याला दाद द्यावी असं मला दर वेळी वाटतं. सुटे भाग न बदलता पाव दातापर्यंत टायमिंग जुळवता येतं.

नंतर दोन्ही गॅप परत १० थाऊवर आणायला विसरू नका.

पार्लेकरीण (मंगळवार, सकाळी ७:२०)

काका, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी टॅपेट कव्हर उघडते.

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (शनिवार, रात्री ८:४५)

आठवडाभर लिहिलं नाही, कारण वॉशर मिळायला वेळ लागला. ऑपेरा हाउसची दुकानं पालथी घातली. शेवटी हेराल्डवाल्या एका गृहस्थांच्या कपाटात जुन्या डब्यात जोडी निघाली, पाच थाऊची, मूळ कागदात गुंडाळलेली. पैसे घेतले नाहीत. गाडी चालू झाली की एक फेरी मारून आणा, म्हणाले.

मागे जाड, पुढे स्टँडर्ड, चर क्रँककडे. एंड प्ले ०.१७. मिस्त्रींचा हिशेब तंतोतंत. त्यानंतर क्रँक पुढे दाबून स्टीलची पट्टी ठेवली, मागे दाबून ठेवली, फरक आता नावापुरता. खालच्या गरारीमागे एक पातळ शिम गेली आणि रेष जुळली.

आज पुतण्या मदतीला होता. चेन रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवली होती, सकाळी निथळून चढवली. कॅमच्या गरारीचे दोन बोल्ट आवळून लॉकपट्टीचे कान वळवले. क्रँकच्या टोकाचं ऑइल थ्रोअर (ऑइल बाहेर फेकणारी चकती) बसवलं, खोलगट बाजू कव्हरकडे, उघडताना काढलेल्या फोटोशी ताडून. मग हँडलने इंजिन हाताने दोन पूर्ण वेढे फिरवलं. खुणा परत समोरासमोर आल्या, कुठेही अडकलं नाही.

कव्हर दोऱ्याने आजच्या तिसऱ्या प्रयत्नात बसलं. पहिल्या दोन वेळा मी दोरा फार जोरात ओढत होतो, त्यामुळे पट्टी पिनेवर तिरकी होत होती. तिसऱ्या वेळी पुतण्याने दोरा धरला आणि मी फक्त कव्हर सांभाळलं. टॉर्चच्या उजेडात पट्टी चेनच्या पाठीवर बसताना दिसली, हलका 'टक्' आवाज आला. दोरा अख्खा बाहेर आला, पुतण्याने मोजला. बोल्ट हाताने सगळे धरवून मग अर्ध्या इंचाच्या पान्याने समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. सील शेवटी ठोकलं, ओठाला ऑइल लावून.

कुर्ला_पद्मिनी (शनिवार, रात्री ९:१०)

वा! पुतण्याचं वय किती? आमच्याकडे पुढची पिढी पान्याला हात लावत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यानंतर आमच्या भागातले सुटे भाग ठेवणारे दुकानदारही हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळले. जे काय आहे ते आता असं एकमेकांच्या कपाटात आहे.

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (शनिवार, रात्री ९:२५)

सोळा वर्षांचा. आता कार्बोरेटर त्यालाच उघडायचाय.

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (पुढचा रविवार, दुपारी १२:१५)

इंजिन गाडीत बसलं. स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवत राहिलो, ऑइलचा दिवा विझला तेव्हा प्लग लावले. हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं, त्यामुळे पुढच्या चाकावर बसून इंजिनाला कान लावता येतो. बाबा तसेच बसायचे. दुसऱ्या सेल्फला चालू झालं.

आधी रेसवर ठेवलं, गरम झाल्यावर स्लोला आणलं. टॅपेटची बारीक टिकटिक आहे, पंख्याचा वारा आहे. खडखड नाही. क्लच दाबून-सोडून पुढची पुली बघितली, डोळ्यांना हललेली दिसत नाही.

भायखळा_मिस्त्री (पुढचा रविवार, दुपारी १२:४०)

छान झालं दादा. आता घाई करू नका. पहिले ८०० किलोमीटर इंजिन खेचू नका, सिग्नलला क्लच दाबून उभे राहू नका, न्यूट्रल करा. त्या थ्रस्ट वॉशरचं आयुष्य तिथेच ठरतं. ८०० झाले की गरम ऑइल काढून नवीन भरा, हेडचे नट क्रमाने परत आवळा, इंजिन थंड असताना टॅपेट १० थाऊवर बघा. काढलेलं ऑइल स्वच्छ ताटलीत ओतून चुंबक फिरवा आणि काय सापडतं ते इथे लिहा.

पार्लेकरीण (पुढचा रविवार, दुपारी १:३०)

अभिनंदन! इकडे सातवा आणि आठवा मोजला. दोन्ही गॅप सारखे नाहीत, बराच फरक आहे. पुढच्या आठवड्यात कव्हर उतरवतेय. हिंदू कॉलनी, तुमच्या पुतण्याला दोरा घेऊन पार्ल्याला पाठवाल का?

हेराल्ड_हिंदू_कॉलनी (पुढचा रविवार, दुपारी १:४५)

दोघेही येतो. दसऱ्यानंतरचा शनिवार चालेल? आम्ही हेराल्डनेच येऊ, वाटेत वॉशर देणाऱ्या काकांना फेरी मारून आणायचीय. कुर्लाभाऊंचा डायल गेजही मागून घेतो, चेंबर उघडायच्या आधी तुमचा एंड प्ले मोजू.